मोलर मास दरवेळी चुकतंय? आधी फरकाचा आकडा बघा

लक्षणं

मोलर मास म्हणजे एका मोल पदार्थाचं ग्रॅममधलं वस्तुमान, सूत्रातल्या सगळ्या अणुभारांची बेरीज. एक लिटर द्रावणात किती मोल आहेत ते ‘मोलर’ सांगतं. खालच्यापैकी एखादी गोष्ट वारंवार होत असेल, तर बाटलीवर किंवा ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायच्या नळीवर) संशय घेण्याआधी हिशेब तपासायला घ्या.

- तुमचं उत्तर बाटलीवरच्या आकड्यापेक्षा १८, ३६, ९० किंवा १२६ ने कमी येतं.
- उत्तर बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मं येतं. कधी निम्म्याहून थोडंसं जास्त.
- एकाच पदार्थाची दोघांची दोन उत्तरं येतात आणि फरक असतो फक्त दुसऱ्या दशांशात.
- ०.१ मोलर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या १० एमएलला ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट २० एमएल लागायला हवं, तिथे १४.३ एमएललाच गुलाबी रंग टिकतो. वर तिन्ही रीडिंग एकमेकांशी छान जुळतात.
- कागदावर आकडा अचूक, पण द्रावण कमजोर निघतं.

चौथं लक्षण नीट समजून घ्या, कारण प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. तिन्ही रीडिंग जुळतात याचा अर्थ तुमचा हात बरोबर आहे. चूक आहे ती द्रावण बनवण्याआधीची. २५० एमएलसाठी ०.०२५ मोल हवेत. बाटलीत असतं दोन पाण्यांचं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड (अ‍ॅसिडच्या प्रत्येक रेणूमागे स्फटिकात पाण्याचे दोन रेणू), मोलर मास १२६.०६, म्हणजे ३.१५ ग्रॅम घ्यायला हवं. निर्जल (पाण्याविना) रूपाचा आकडा, ९०.०३, धरला तर वजन होतं २.२५ ग्रॅम आणि द्रावण होतं ०.०७१४ मोलर. परमँगनेट त्याच प्रमाणात कमी लागणार, २० च्या जागी १४.२८. टायट्रेशन (ब्युरेटमधून द्रावण मोजून घालत तीव्रता काढणं) दहा वेळा केलं तरी हाच आकडा येईल.

सगळ्यात आधी वजाबाकी

बहुतेक जण उत्तर चुकलं की सगळा हिशेब पहिल्यापासून करतात आणि तीच चूक पुन्हा करतात. त्याऐवजी खात्रीच्या आकड्यातून तुमचं उत्तर वजा करा आणि फरक तीन दशांशांपर्यंत लिहा. मग भागाकारही करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चूक कोणत्या जातीची आहे ते बहुतेक वेळा इथेच कळतं.

- फरक १८.०१५ च्या पटीत: स्फटिकजल (स्फटिकात अडकलेलं पाणी) धरलं नाही, किंवा नको तिथे धरलं.
- १५.९९९ च्या पटीत: कंसाबाहेरचा किंवा पाण्याआधीचा आकडा ऑक्सिजनला लागला नाही.
- १.००८ च्या पटीत: हायड्रोजन मोजताना घोटाळा. सेंद्रिय संयुगांत हे फार.
- २१.९८२ च्या पटीत: आम्लाऐवजी त्याचा सोडियम क्षार, किंवा उलट. एक हायड्रोजन जाऊन एक सोडियम आला की एवढाच फरक पडतो.
- ३६.४५८: बाटलीत हायड्रोक्लोराइड (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडबरोबर बनलेला क्षार) आहे आणि तुम्ही मूळ पदार्थाचं सूत्र घेतलंय.
- १०३.४६५: टायपिंगची चूक. खाली सांगितलंय.
- भागाकार बरोबर २: सूत्र दुप्पट लिहिलेलं आहे.
- फरक शेवटच्या एक-दोन अंकांत: दशांश आणि जुनी-नवी सारणी.

तीन दशांशांचा आग्रह उगाच नाही. काही फरक जुळ्या भावांसारखे दिसतात. पाणी १८.०१५ आणि अमोनियम १८.०३९. दोन पाणी ३६.०३० आणि एक हायड्रोक्लोराइड ३६.४५८. सहा ऑक्सिजन ९५.९९४ आणि एक सल्फेट ९६.०५६. फरक नुसता ‘१८’ किंवा ‘९६’ लिहून ठेवला तर भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

या सगळ्या हिशेबात मी हे अणुभार धरलेत: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९०, सल्फर ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, लोह ५५.८४५, कॉपर ६३.५४६, झिंक ६५.३८.

तपासणी १: लेबल पूर्ण वाचा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. लेबलवर चार गोष्टी असतात: सूत्र, मोलर मास (बहुतेकदा ‘एम. डब्ल्यू.’ असं छापलेलं), शुद्धतेची टक्केवारी आणि कॅस नंबर (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक). नाव वाचून बाटली उचलायची सवय मोडा. ‘कॉपर सल्फेट’ या नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात: पाच पाण्यांचं निळं मोरचूद, २४९.६८, आणि पांढरट निर्जल पावडर, १५९.६०.

या ठिकाणी सगळ्यात भरवशाचा कॅस नंबर. स्फटिकजल बदललं की तो नंबर बदलतो. मोरचुदाचा ७७५८-९९-८, निर्जलाचा ७७५८-९८-७. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड दोन पाण्यांचं असेल तर ६१५३-५६-६, निर्जल असेल तर १४४-६२-७. नावात ‘हायड्रेट’ हा शब्द छापायचा राहिला असला तरी नंबर दगा देत नाही. मागणी नोंदवतानाही नावाबरोबर हाच नंबर लिहा, म्हणजे दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणून दुसरी बाटली देणार नाही.

तपासणी २: आवर्तसारणीतून उचललेला आकडा

प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात, अणुक्रमांक आणि अणुभार. घाईत अणुक्रमांक उचलला गेला की उत्तर निम्म्याच्या आसपास येतं, कारण हलक्या मूलद्रव्यांचा अणुभार अणुक्रमांकाच्या साधारण दुप्पट असतो. मोरचुदाचं उत्तर २४९.६८ ऐवजी १२७ आलं तर हेच झालंय. एक खूण लक्षात ठेवा: क्लोरीन आणि कॉपर अशा मूलद्रव्यांचा अणुभार पूर्णांकाच्या जवळपास नसतो, त्यामुळे हिशेबातले सगळेच आकडे पूर्णांकी दिसत असतील तर थांबा.

दुसरी नेहमीची गफलत मॅग्नेशियम आणि मँगनीजची. मॅग्नेशियम २४.३०५, मँगनीज ५४.९३८. त्यात मँगनीजचा अणुक्रमांक २५, म्हणजे मॅग्नेशियमच्या अणुभाराला अगदी चिकटून, म्हणून ही चूक डोळ्यांना खटकतही नाही. फरक ३०.६३३ दिसला की हीच जोडी तपासा. कोबाल्ट (५८.९३३) आणि निकेल (५८.६९३) यांच्यात क्रम उलटा वाटतो, आधीचा जड आणि नंतरचा हलका. ती छपाईची चूक नाही, खरंच तसं आहे.

क्लोरीन ३५ किंवा ३६ धरू नका. निसर्गात साधारण तीन चतुर्थांश क्लोरीन ३५ वस्तुमानांकाचा आणि उरलेला ३७ चा असतो, सरासरी ३५.४५ येते. बाटलीतल्या मिठात हे मिश्रणच असतं, एकच समस्थानिक नसतो.

याचीच सुधारित आवृत्ती ऑनलाइन बघायला मिळते. पबकेमसारख्या रसायनांच्या माहितीच्या साइटवर एका पदार्थासमोर दोन-तीन वस्तुमानं दिलेली असतात. त्यातलं ‘एक्झॅक्ट मास’ किंवा ‘मोनोआयसोटोपिक मास’ हे मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांसाठी असतं, वजनकाट्यासाठी नाही. क्लोरोफॉर्मचं मोलर मास ११९.३७, पण मोनोआयसोटोपिक मास ११७.९१. जास्त दशांश दिसतात म्हणून ते जास्त अचूक समजून उचललं तर सव्वा टक्क्याची चूक फुकटात मिळते.

तपासणी ३: कंस

कंसाबाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येक अणूला लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चुका सगळ्यात जास्त इथेच. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजनही दोन आणि हायड्रोजनही दोन, उत्तर ७४.०९. फक्त हायड्रोजन दुप्पट केला तर ५८.०९ येतं, फरक नेमका १५.९९९.

उपाय म्हणजे सूत्र बघत थेट बेरीज करायची नाही. आधी अणूंची मोजणी वेगळी लिहायची, मग अणुभार लावायचे. मोहर्स सॉल्ट घेऊन करून बघू, कारण बारावीच्या प्रॅक्टिकलला ते असतं आणि त्यात सगळे सापळे एकत्र आहेत: दोन अमोनियम, एक लोह, दोन सल्फेट, सहा पाणी.

नायट्रोजन: अमोनियम दोन, म्हणून २. वस्तुमान २८.०१४.
हायड्रोजन: अमोनियममधले ८, पाण्यातले १२, एकूण २०. वस्तुमान २०.१६०.
लोह: १. वस्तुमान ५५.८४५.
सल्फर: २. वस्तुमान ६४.१२०.
ऑक्सिजन: सल्फेटमधले ८, पाण्यातले ६, एकूण १४. वस्तुमान २२३.९८६.

बेरीज ३९२.१२५ ग्रॅम प्रति मोल. ०.१ मोलरच्या २५० एमएलसाठी ९.८० ग्रॅम.

आता यातच चुका घालून बघा. सल्फेटच्या कंसाबाहेरचा २ विसरलात तर फरक ९६.०५६. अमोनियमच्या बाहेरचा २ विसरलात तर १८.०३९. पाणी सहाऐवजी पाच मोजलंत तर १८.०१५. शेवटच्या दोघांतला फरक फक्त ०.०२४ आहे, आणि हिशेब पूर्णांकात करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. त्याला दोन्ही वेळा ‘१८ कमी’ एवढंच दिसतं आणि तो पाणी मोजत बसतो.

मोजणी वेगळी लिहिण्याचा अजून एक फायदा: दुसऱ्या माणसाला ती तपासता येते. बेरजेची लांबलचक ओळ कोणी तपासत नाही, नुसती मान डोलावतात.

तपासणी ४: टिंबानंतरचं पाणी

सूत्रातलं मधलं टिंब म्हणजे गुणाकार नाही आणि दशांशचिन्हही नाही. ‘याच्यासोबत एवढं पाणी’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणून पाण्याचं वस्तुमान मिळवायचं. टिंब पाहून १५९.६० ला ९०.०८ ने गुणणारे असतात. उत्तर चौदा हजारांच्या वर जातं, त्यामुळे ती चूक निदान लपत नाही.

लपते ती दुसरी. पाच पाण्यांतला ५ फक्त हायड्रोजनला लावायचा आणि ऑक्सिजन एकच धरायचा. मग पाण्याचं वस्तुमान ९०.०७५ ऐवजी २६.०७९ येतं, फरक ६३.९९६. मोरचुदाच्या बाबतीत हा आकडा विशेष त्रासदायक आहे: सल्फेटमधले चार ऑक्सिजन विसरले तरी ६३.९९६ च येतो, आणि कॉपरच विसरलं तर ६३.५४६. म्हणजे ‘६४ कमी’ दिसलं की संशयित तीन. तिसरा दशांशांवरून सुटतो, पहिल्या दोघांसाठी मोजणीचा कागदच काढावा लागतो. सात पाण्यांच्या हिराकशीत (फेरस सल्फेटमध्ये) हीच चूक ९५.९९४ चा फरक देते, आणि तो सल्फेट विसरल्यासारखा दिसतो.

बाटलीत पाणी किती आहे याचीच शंका असेल, आणि पदार्थ मोरचूद आहे हे पक्कं असेल, तर तापवून बघता येतं. कोरड्या क्रुसिबलमध्ये (तापवायच्या मुशीत) ५.०० ग्रॅम घ्या, हळूहळू तापवा, पांढरं पडलं की डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन करा. पुन्हा तापवा, पुन्हा वजन, दोन वजनं जुळेपर्यंत. पाच पाण्यांचं असेल तर घट ३६.०८ टक्के, म्हणजे १.८० ग्रॅम. चार पाणी ११० अंशांच्या आसपास जातं, पण पाचवं घट्ट धरलेलं असतं. त्याला २०० च्या वर जावं लागतं. घाई करून मध्येच थांबलात तर घट २८.९ टक्क्यांवर अडकते आणि ‘चारच पाणी आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उलट जाळ फार मोठा केला आणि पावडर काळी पडायला लागली, तर सल्फेटच फुटतंय, तो प्रयोग सोडून द्या.

पाण्याचा हा प्रश्न शेतातही तितकाच येतो. कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेट दोन प्रकारचं मिळतं, पिशवीवर २१ टक्के किंवा ३३ टक्के झिंक. पहिलं सात पाण्यांचं, मोलर मास २८७.५४, त्यात शुद्ध असताना झिंक २२.७ टक्के. दुसरं एका पाण्याचं, १७९.४५, शुद्ध असताना ३६.४ टक्के. शिफारस हेक्टरी किलोत लिहिलेली असते, पण कोणत्या झिंक सल्फेटची ते न बघता पिशवी बदलली की मात्रा दीडपटीवर जाते. २१ टक्क्यांच्या १० किलोंऐवजी ३३ टक्क्यांचं सुमारे ६.४ किलो पुरतं.

तपासणी ५: मुळात सूत्र तेच आहे का?

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर चूक गणिताची नाही, रसायनाची आहे. हे तपासायला पुस्तक उघडावं लागतं, म्हणून पाचव्या क्रमांकावर.

लोहाची संयुजा आधी बघा. फेरस सल्फेट सात पाण्यांसह २७८.०१, फेरिक सल्फेट निर्जल ३९९.८६. नावातल्या एका अक्षराने सूत्र पूर्ण बदलतं. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम दोन आणि सल्फेट तीन हे संयुजेवरून येतं, पाठांतरावरून नाही. संयुजा उलटसुलट लावली तर ३४२.१३ कधीच मिळणार नाही.

तुरटीचं प्रकरण वेगळं. तिचं सूत्र दोन पद्धतींनी लिहितात. एक पोटॅशियम, एक अ‍ॅल्युमिनियम, दोन सल्फेट, बारा पाणी असं लिहिलं तर ४७४.३७. पोटॅशियम सल्फेट अधिक अ‍ॅल्युमिनियम सल्फेट अधिक चोवीस पाणी असं लिहिलं तर ९४८.७४. दोन्ही बरोबर आहेत. पण एका पुस्तकातून सूत्र आणि दुसऱ्यातून मोलर मास घेतलं तर द्रावण दुप्पट किंवा निम्मं होणार. उपाय एकच: हिशेबात आणि लेबलवर एकच सूत्र धरा, आणि द्रावणाच्या बाटलीवर ते लिहून ठेवा.

पाण्याचा जडपणा मोजणाऱ्यांना ईडीटीए (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारं रसायन) छळतं. आम्लरूप २९२.२४, आणि प्रत्यक्षात वापरतात तो दोन सोडियमचा, दोन पाण्यांचा क्षार ३७२.२४. फरक ७९.९९४. दोन वेळा २१.९८२ अधिक दोन पाणी, असा तो बनतो. गंमत म्हणजे पाच ऑक्सिजनचं वस्तुमान ७९.९९५. नुसत्या फरकावर विसंबून राहिलात तर इथे फसाल, म्हणून फरकाचं निदान नेहमी सूत्राशी ताडून बघा. ०.०१ मोलर एक लिटरसाठी क्षार ३.७२ ग्रॅम लागतो. आम्लाचा आकडा धरून २.९२ घेतला तर प्रत्येक नमुन्याचा जडपणा खऱ्यापेक्षा २७ टक्के जास्त दिसेल, कारण कमजोर द्रावण जास्त खर्च होतं.

तपासणी ६: कॅल्क्युलेटर, एक्सेल, वेबसाइट

साध्या कॅल्क्युलेटरला कंस कळत नाहीत. ‘४०.०७८ अधिक १५.९९९ अधिक १.००८ गुणिले २’ असं दाबलं तर काही यंत्रं सगळ्या बेरजेला दोनने गुणतात, काही फक्त शेवटच्या आकड्याला. दोन्ही उत्तरं चूक. प्रत्येक ओळीचा गुणाकार वेगळा करून लिहा आणि शेवटी बेरीज करा.

सूत्र टाइप करून उत्तर देणाऱ्या वेबसाइट चांगल्या असतात, पण त्या तुम्ही टाइप केलेलंच वाचतात. तीन गोष्टी बघा. पहिली, मोठी-छोटी अक्षरं: मोठा सी आणि मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, २८.०१, ओ छोटा केला की कोबाल्ट, ५८.९३. दुसरी, टिंब: मोरचुदाच्या सूत्रात ऑक्सिजनचा ४, मग टिंब, मग पाण्याचा ५, हे काही ठिकाणी ‘साडेचार ऑक्सिजन’ असं वाचलं जातं. टिंब चालत नसेल तर पाणी कंसात घालून बाहेर ५ लिहा. तिसरी सगळ्यात छुपी: क्लोरीनचा छोटा एल आणि आयोडीनचा मोठा आय अनेक फाँटमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. पीडीएफमधून किंवा स्कॅनमधून सूत्र उचललं तर क्लोरीनचा कार्बन आणि आयोडीन होतो. मिठाचं उत्तर ५८.४४ ऐवजी १६१.९१ येतं. वर सांगितलेला १०३.४६५ चा फरक हाच. सूत्र चिकटवू नका, हाताने टाइप करा.

एक्सेल वापरत असाल तर अणूंची संख्या एका रकान्यात आणि अणुभार शेजारच्या रकान्यात ठेवा. एकाच पेटीत लांब सूत्र लिहिलं की चूक शोधणं अशक्य होतं.

तपासणी ७: दशांशांची भांडणं

यात फार वेळ घालवू नका. परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर जे अणुभार दिलेत तेच वापरा, क्लोरीन ३५.५ आणि कॉपर ६३.५ असले तरी. मोहर्स सॉल्ट पूर्णांकी अणुभारांनी ३९२ येतं, आणि शाळेच्या कामाला ते पुरेसं आहे.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड मी १२६.०६ लिहिलंय, बाटलीवर १२६.०७ सापडेल. जुन्या सारणीतले १.००७९४, १२.०१०७ आणि १५.९९९४ घेतले तर बेरीज १२६.०६५ च्या किंचित पुढे जाते आणि वर सरकते. आत्ताच्या संक्षिप्त अणुभारांनी १२६.०६४ येते आणि खाली. कोणीच चुकलेलं नाही. या ०.०१ चा परिणाम ०.००८ टक्के. ब्युरेटवर ०.१ एमएलची रेघ असेल तर २० एमएलमध्ये तीच एकटी अर्धा टक्का घालवते. यावरून वाद घालणाऱ्याला ब्युरेट धुवायला पाठवावं.

मोठ्या रेणूत मात्र जुनी सारणी साचत जाते. माती परीक्षणात फॉस्फरससाठी वापरतात त्या अमोनियम मॉलिब्डेटमध्ये सात मॉलिब्डेनम असतात. मॉलिब्डेनम ९५.९४ धरला तर १२३५.८५, आत्ताचा ९५.९५ धरला तर १२३५.९२. तिथेही कामात फरक पडत नाही, पण जुळत का नाही याचं उत्तर मिळतं. पायऱ्यांमध्ये मात्र आकडे तोडू नका. तीन दशांश शेवटपर्यंत ठेवा आणि फक्त उत्तर दोनवर आणा.

तपासणी ८: आकडा बरोबर, द्रावण चूक

ही सगळ्यात खर्चिक तपासणी, कारण इथे रसायन आणि वेळ दोन्ही जातात. मोलर मास शुद्ध पदार्थाचं असतं, बाटलीतला पदार्थ शुद्ध असेलच असं नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडचं मोलर मास ४०.०० यात वाद नाही. पण गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, पावसाळ्यात तर वजन करता करता काट्यावरच ओल्या होतात. लेबलवर शुद्धता ९७ टक्के असेल तर ०.१ मोलर एक लिटरसाठी ४.०० नाही, ४.१२ ग्रॅम घ्या, आणि तरीही तो आकडा अंदाजाचाच समजा. खरी तीव्रता प्रमाणित द्रावणाने ठरवा. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (२०४.२२) ११० अंशांवर दोन तास वाळवून, गार करून, ०.४०८ ग्रॅम तोलून घेतलं की त्याला ०.१ मोलर द्रावण २० एमएल लागायला हवं. त्यापेक्षा जास्त लागलं तर द्रावण कमजोर.

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा ३६.४६ हा आकडा वायूचा आहे, बाटलीतल्या द्रवाचा नाही. तीव्र अ‍ॅसिडमध्ये वजनाने साधारण ३७ टक्केच हायड्रोजन क्लोराइड असतं आणि घनता १.१८, म्हणजे तीव्रता सुमारे १२ मोलर. ०.१ मोलर एक लिटरसाठी ८.३ एमएल, आणि अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. ३.६५ ग्रॅम द्रव तोलून टाकणाऱ्याचं द्रावण जेमतेम ०.०३७ मोलर होतं.

धुण्याचा सोडा दहा पाण्यांचा (२८६.१४) असतो, पण उघडा राहिला की पाणी सोडत पांढरी पावडर होतो. तेव्हा त्याचं मोलर मास दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं आणि ते हिशेबाने काढता येत नाही. निर्जल सोडियम कार्बोनेटची (१०५.९९) वेगळी बाटली घ्या.

इथे थांबा

लेबल गेलेली बाटली. अंदाजाने सूत्र धरून मोलर मास काढू नका आणि ‘तापवून बघू’ तर मुळीच नको. वरचा मोरचुदाचा प्रयोग ओळखीच्या पदार्थासाठी आहे. अनोळखी पांढऱ्या पावडरीत नायट्रेट किंवा परक्लोरेट असू शकतं, आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या वाफा विषारी असतात. अशी बाटली प्रयोगशाळेच्या इनचार्जकडे द्या, सिंकमध्ये ओतू नका.

स्टार्च, डिंक, पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांना एकच मोलर मास नसतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या नावापुढचा ‘६०००’ हा सरासरीचा आकडा आहे. इथे सूत्रावरून हिशेब सोडा आणि पुरवठादाराकडून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागवा. ब्लीचिंग पावडरचंही तसंच: ठरावीक सूत्राने वजन काढण्यापेक्षा उपलब्ध क्लोरीन टायट्रेशनने मोजून घ्यावा, कारण तो साठवणीत रोज थोडा थोडा कमी होतो.

औषधाची मात्रा. अ‍ॅम्लोडिपिनचं मोलर मास ४०८.८८, गोळीत असतो तो त्याचा बेसिलेट क्षार, ५६७.०५. म्हणून ५ मिलिग्रॅमच्या गोळीत क्षार साधारण ६.९३ मिलिग्रॅम असतो. गोळीवरचा आकडा मूळ औषधाचा की क्षाराचा, हे प्रत्येक औषधाला वेगळं असतं. हा हिशेब घरी करून गोळ्या मोडायच्या नाहीत, फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारायचं.

खताच्या पिशवीत कमी झिंक आहे असा संशय असेल तर घरच्या टायट्रेशनवर तक्रार उभी राहत नाही. कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला कळवा, नमुना रीतसर त्यांनीच काढायचा असतो. पाण्याचा किंवा मातीचा अहवाल कुठे सादर करायचा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा.

शेवटी, आठही तपासण्या करून प्रमाणित द्रावणाशी २ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत उरत असेल, तर काटा आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क यांचं कॅलिब्रेशन करून घ्यायची वेळ आली आहे, आणि ते काम कॅलिब्रेशन करणाऱ्या माणसाचंच. त्याच्याकडे जाताना लेबलचा फोटो, बॅच नंबर, अणूंच्या मोजणीचा कागद आणि तीन दशांशांपर्यंतचा फरक बरोबर न्या.